रोबो पूल क्लीनर पानं उचलतच नाही, तळ नुसता भरलेला राहतो (नागाव, अलिबाग)

सुरूच्या_सावलीत | १८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही. नागावला आमचं घर आहे, मागच्या अंगाला ८ बाय ४ मीटरचा छोटा स्विमिंग पूल, खोली सव्वा ते दीड मीटर, आतून निळ्या मोझॅक टाइल्स. बाबा तिथेच राहतात, वय ७४, गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास पाण्यात चालायला सांगितलंय. त्यामुळे पूल रोज वापरात असतो आणि तळाला ओली पानं चिकटलेली असली की मला ठाण्यात बसून धाकधूक होते, पाय सटकला तर काय.

पूलच्या पश्चिमेला सुरूची झाडं आहेत (२०२० च्या निसर्ग वादळात दोन पडली, पाच अजून उभी आहेत), त्याच कुंपणाला एक मोठा देशी बदाम, आणि बाकी नारळ-पोफळी. दीड वर्षापूर्वी रोबो घेतला, पट्ट्यांवर चालणारा, वायरवाला, आत दोन बाजूंना फिल्टरच्या जाळ्या. उन्हाळ्यात इतका सुंदर चालला की तळाला बोट फिरवलं तरी काही लागायचं नाही. आता डिसेंबरपासून मात्र तो पानांवरून सरळ चालत जातो, पानं तिथल्या तिथे. मधेच एखादं पान ओढतो, थोडं पुढे जाऊन सोडून देतो. आणि बाहेर काढताना त्याच्या पोटातून परत निम्मा कचरा पाण्यात पडतो, हे बघून तर फार वाईट वाटतं, तीन तास चालून उपयोग काय झाला मग. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला तर न बघताच मोटर बदलावी लागेल म्हणाले, आणि मोटरचा खर्च ऐकून मी फोन ठेवला. कुणाला असा अनुभव आहे का? मोटर खरंच गेली असेल का?

जर्सीचीचिमणी | १८ जानेवारी, रात्री १०:१५

आमच्याकडे न्यू जर्सीत मागे ओकची झाडं आहेत आणि शेजाऱ्यांचा व्हाइट पाइन, त्यामुळे तुमचं दुःख अगदी समजतंय. पहिला प्रश्न, आत जाळ्या कुठल्या लावल्यात? आमच्या रोबोबरोबर दोन सेट आले होते, एक बारीक आणि एक जाड भोकांचा. मे महिन्यात पिवळे परागकण पडतात तेव्हा बारीक लावते, ऑक्टोबरात पानं सुरू झाली की जाड. एका वर्षी बदलायचं विसरले आणि अगदी तुम्ही म्हणताय तसंच झालं. बारीक जाळीवर आधी मातीचा थर बसतो, पाणी आरपार जायचं कमी होतं, मग ओढ राहत नाही आणि पान उचलायला ओढच तर लागते.

पाणक्या | १९ जानेवारी, सकाळी ७:०५

लोणावळा-कर्जत पट्ट्यात १६ वर्षं पूलचं काम करतोय. मोटर बदलू नका. आधी एवढं सांगा.

रोबो भिंत चढतो का? उथळ भागात असताना त्याच्या डोक्यावर पाणी फुगल्यासारखं उकळताना दिसतं का? मागे गढूळ ढग सोडतो का? बाहेर काढल्यावर टोपली किती भरलेली असते? आणि खालच्या तोंडाशी रबराच्या झडपा असतात, त्या सैल हलतात का?

या पाच उत्तरांत ऐंशी टक्के केस सुटते.

सुरूच्या_सावलीत | १९ जानेवारी, सकाळी ९:३०

पाणक्या दादा, मनापासून धन्यवाद. वाडीचं बघणारे काका आहेत त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं बघायला लावलं. भिंत चढायचा आधी, आता वीतभर चढून खाली येतो. पाणी फुगतं पण अगदी थोडं, आधी चांगलं दिसायचं. ढग नाही सोडत. टोपली अर्धीसुद्धा भरलेली नसते, पण जाळीवर तपकिरी साय धरल्यासारखा थर आहे. झडपा त्यांना समजल्या नाहीत, मी येत्या रविवारी जाऊन स्वतः बघते. जाळ्या बारीकच आहेत, जाडवाल्या खोक्यात तशाच पडून आहेत असं आत्ता लक्षात आलं.

पाणक्या | १९ जानेवारी, सकाळी ९:५०

बास, मोटर जिवंत आहे. तासाला पंधरा हजार लिटर पाणी ओढून वरून झोताने सोडतात हे रोबो. तो झोतच त्याला तळाला आणि भिंतीला दाबून धरतो. झोत कमी पडला की भिंत सुटते, पान सुटतं, सगळं एकाच कारणाने. झोत कमी होण्याची कारणं दोनच असतात, जाळी तुंबली किंवा पंख्यात काहीतरी अडकलं. इम्पेलर म्हणतो तो पंखा, वरच्या जाळीखाली असतो, दोन स्क्रू काढले की दिसतो. तुमच्याकडे नारळ आहेत म्हणून खास सांगतो, काथ्याचा एक धागा पंख्याला गुंडाळला गेला तरी पुरतो. बॅटरी मारून बघा.

विद्युल्लता | १९ जानेवारी, सकाळी ११:२०

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे त्यामुळे मध्ये बोलते, राग मानू नका. स्क्रूला हात लावायच्या आधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून नाही. रोबोला जाणारा करंट २४ ते ३० व्होल्टचा डीसी असतो हे खरं, पण त्या पॉवर सप्लायच्या डब्यात २३० व्होल्ट येतात आणि तो डबा लोक पूलच्या अगदी काठाला ठेवतात. तो काठापासून किमान साडेतीन मीटर लांब हवा, जमिनीपासून उंच, सावलीत, आणि पाणी उडणार नाही असा. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) आहे का ते आधी बघा. आणि रोबो चालू असताना बाबांनी पाण्यात अजिबात उतरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

सुरूच्या_सावलीत | १९ जानेवारी, दुपारी १२:०५

विद्युल्लता ताई, राग कसला, बरं झालं बोललात. डबा काठापासून दोन हातांवर आहे. काकांना लगेच फोन करून पडवीत ठेवायला सांगितलं. आरसीसीबीचं मला माहीत नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावते.

हिरवाई | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

रोबोतलं मला काही कळत नाही पण झाडांचं कळतं, आणि इथे झाडं समजून घेतली तर अर्धा प्रश्न सुटेल असं वाटतं.

सुरूची जी लांब हिरवी सुई आपण पान म्हणतो ती खरं तर पान नसतेच, ती बारीक डहाळी असते, सांध्यासांध्यांची. खरी पानं म्हणजे त्या सांध्यांवरचे अगदी चिमुकले खवले. लहानपणी आम्ही ती सांध्यावर तोडून परत जोडायचो आणि कुठे तुटलंय ते ओळखायचा खेळ खेळायचो, किहीमच्या बनात बसून. तर ती चिवट असते, लवकर कुजत नाही, आणि सांध्यावर तुटली की तिचे बारीक बारीक तुकडे होतात. म्हणजे तुमच्याकडे एकाच झाडापासून लांब काड्या आणि बारीक भुगा असे दोन्ही प्रकार पडतात.

देशी बदामाचं उलट. थंडीत त्याची पानं लाल होऊन गळतात, म्हणून तुमचा त्रास डिसेंबरात सुरू झाला. पान वीतभर, कधी जास्तच, आणि सपाट. त्यात टॅनिन भरपूर, मत्स्यालयवाले ती वाळलेली पानं मुद्दाम टाकीत टाकतात आणि पाणी चहासारखं होतं. तुमच्या जाळीवरच्या तपकिरी रंगाला तेही कारण असू शकेल. झाड तोडायचा विचार मात्र करू नका प्लीज, पूलवर आलेल्या दोन-तीन फांद्या पावसाळ्याआधी जाणकाराकडून उतरवून घ्या, तेवढं पुरे.

ऑस्टिनवासी | १९ जानेवारी, रात्री ८:३०

टेक्सासात आमच्याकडे लाइव्ह ओक आहेत, ते जुनी पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकतात, म्हणजे सगळ्यांचा वसंत आणि आमची पानगळ एकदमच, वर फुलांचे तुरे पण पडतात. मी तीन वर्षं रोबोवर काढली आणि शेवटी त्या दोन महिन्यांसाठी प्रेशरवर चालणारा क्लीनर घेतला, पोलॅरिस २८०. त्याच्या डोक्यावर मोठी पिशवी असते, आणि घसा रुंद असल्यामुळे पानं थेट पिशवीत जातात. पण त्याला वेगळा बूस्टर पंप आणि त्याची वेगळी पाइपलाइन लागते, आधीपासून नसेल तर फरशी फोडायची तयारी ठेवा. फक्त पानांसाठी तो खर्च मी तुम्हाला सुचवणार नाही.

दुसरं स्वस्त साधन म्हणजे बागेच्या नळीवर चालणारा लीफ व्हॅक्यूम. नळीचं पाणी आत वर झोतात सुटतं आणि त्याच्याबरोबर पानं पिशवीत खेचली जातात. ओकच्या पानांना झकास.

पाणक्या | १९ जानेवारी, रात्री ९:१०

नळीवाल्या व्हॅक्यूमला नळाला प्रेशर हवं. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, ५ मीटर उंचीवरून आलं तर जेमतेम अर्धा बार. त्यात तो पान हलवतो, उचलत नाही. वाडीला पाणी द्यायचा पंप असेल आणि त्यावर नळी जोडता आली तर घ्या.

मेलबर्नची_मावशी | २० जानेवारी, पहाटे ४:५०

इथे निलगिरीची पानं बाराही महिने पडतात, वर सालपटं. आमच्याकडे स्किमरला (पूलच्या भिंतीतलं तोंड, जिथून पंप वरचं पाणी आणि तरंगती पानं ओढून घेतो) जोडायचा सक्शन क्लीनर आहे आणि त्याच्या नळीत मध्ये पानांसाठी पारदर्शक डबा बसवलाय, पानं तिथेच अडकतात, पंपापर्यंत जात नाहीत. या प्रकारचा क्रीपी क्रॉली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोविए नावाच्या हायड्रॉलिक इंजिनिअरनी १९७४ मध्ये काढला. वीज नाही की चाकं नाहीत, पंपाच्या ओढीवरच सगळं चालतं, मला ती कल्पना फार आवडते. तुमच्याकडे रोबो आहेच तर नवीन काही घेऊ नका, पण स्किमर नीट ओढतोय का ते बघा. माझा अनुभव असा की पान एकदा बुडलं की लढाई अवघड होते. ते तरंगत असतानाच पकडायचं.

कर्जतचा_कट्टा | २० जानेवारी, सकाळी १०:००

आम्ही रोबो घ्यायचा विचार करतोय, फार्महाऊस महिन्यातून दोनदाच उघडतो, आंबा आणि बांबू आहे. घ्यावा का?

पाणक्या | २० जानेवारी, सकाळी १०:२०

महिन्यातून दोनदा जाऊन रोबो सोडणार असाल तर नका घेऊ. पंधरा दिवसांची पानं त्याच्या तोंडात मावणार नाहीत. पूल झाकायची जाळी घ्या, आणि नियमित येणारा माणूस शोधा.

सुरूच्या_सावलीत | २५ जानेवारी, रात्री ११:१५

आज सकाळच्या रो-रो बोटीने जाऊन आत्ता घरी आले, दमलेय पण आजच लिहिते नाहीतर बारकावे विसरीन.

प्लग काढला, स्क्रू काढले, आणि पाणक्या दादा, तुम्ही म्हणालात तेच. पंख्याच्या दांड्याला काथ्या गुंडाळलेला होता, चिमट्याने ओढला तर करंगळीएवढी गुंडी निघाली, त्यात सुरूच्या काड्या पण विणल्यासारख्या अडकलेल्या. मग रोबो उलटा केला. तोंडाच्या दोन झडपांपैकी एक उघडीच राहत होती कारण तिच्या बिजागरीत काडीचा तुकडा रुतून बसला होता. म्हणून बंद झाल्यावर आतला कचरा परत पाण्यात पडत होता! इतकी साधी गोष्ट, मी दीड वर्षात त्याला एकदाही उलटा करून बघितलं नव्हतं.

तोंड पण मोजलं, १४ सेंटिमीटर रुंद आणि उंची साडेतीन. बदामाचं पान आणलं, २२ बाय १२. म्हणजे ते आडवं आलं की तोंडावर झाकणासारखं बसतं आणि मग मागची पानं पण जात नाहीत.

जाड जाळ्या लावून परत सोडला. भिंत चढला! अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत. बाबा खुर्चीत बसून बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सुरूच्या काड्या आणि लहान पानं बऱ्यापैकी गेली, टोपली पूर्ण भरली. बदामाची मोठी पानं मात्र तळाला अजून तशीच.

पाणक्या | २६ जानेवारी, सकाळी ६:५०

मोठ्या पानांचं काम रोबोचं नाही. खोल पिशवीची जाळी घ्या, सपाटवाली नको. सपाट जाळीने पान उचलताना पाणी हलतं आणि पान बाजूला पळतं. पिशवीवाली तळाला टेकवून एकाच दिशेने सावकाश ओढायची, मध्ये थांबायचं नाही, थांबलात की सगळं बाहेर येतं. तुमच्या पूलला दहा मिनिटांचं काम आहे. मग अर्धा तास पंप बंद ठेवून गाळ बसू द्यायचा आणि मग रोबो.

जाळी जाड लावलीत की बारीक माती आरपार जाणार. म्हणून आठवड्यातून एक फेरी बारीक जाळीची, पानं काढून झाल्यावर.

आणि मोझॅकवर शेवाळाचा निसरडा थर असेल तर पट्टे सटकतात, रोबो जागच्या जागी घोटाळतो. टाइल्ससाठी फोमचा ब्रश मिळतो, सोडायच्या आधी तो भिजवून मऊ करायचा.

पंप कधी चालवता? स्किमर कुठल्या भिंतीला आहे?

सुरूच्या_सावलीत | २६ जानेवारी, सकाळी ८:१५

पंप रात्री ११ ते पहाटे ५, आवाज नको म्हणून. स्किमर पूर्वेच्या भिंतीला, एकच आहे.

कोकणकडा | २६ जानेवारी, सकाळी ८:४०

थांबा थांबा, मग तर उत्तर शाळेच्या भूगोलातच आहे. मी अक्षीचा आहे म्हणून सांगतो. दिवसा खारे वारे, समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे तुमच्याकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे. रात्री मतलई, उलट. तुमची झाडं पश्चिमेला, दुपारी वारा उठला की पानं पूलमध्ये पडतात आणि तोच वारा त्यांना ढकलत पूर्वेच्या स्किमरपाशी आणून देतो, पण तेव्हा तुमचा पंप बंद! पानं तिथे तरंगत राहतात, रात्री मतलई त्यांना परत पश्चिमेच्या भिंतीला नेतं, भिजून जड होतात आणि बुडतात. आणि पंप सुरू असतो तेव्हा स्किमरपाशी एक पान नसतं. बांधणाऱ्याने स्किमर अगदी बरोबर जागी ठेवलाय, वेळ तेवढी चुकली.

पाणक्या | २६ जानेवारी, सकाळी ८:५५

कोकणकडा, शंभर टक्के. हे मी विचारणारच होतो पण वाऱ्याचं तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत. पंप दुपारी १२ ते ६ करा. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर हवी, वर गेली तर पानं आत वळत नाहीत, खाली गेली तर पंप हवा ओढेल. स्किमरची टोपली रोज दुपारी चार वाजता रिकामी.

जर्सीचीचिमणी | २६ जानेवारी, सकाळी ९:३०

वा, काय सुंदर उलगडलंत! एक छोटी भर, स्किमरच्या टोपलीवर जुना नायलॉनचा पायमोजा चढवा, सुरूचा भुगा त्यात अडकेल. आठवड्याला बदला. रोबोच्या आत मात्र असलं काही घालू नका, त्याची ओढ जाते.

सुरूच्या_सावलीत | २६ जानेवारी, सकाळी १०:१०

मला खरंच गहिवरून आलंय. आम्ही इतकी वर्षं तिथे राहतोय आणि दिवसरात्रीचा वारा रोज अंगावर घेतोय, पण पंपाच्या टायमरशी त्याचा संबंध कधी जोडला नाही. काकांना फोन करून टायमर बदलायला लावला. आणि तपकिरी डागांचं काय करू? जिथे बदामाची पानं पडून होती तिथे पानांचे ठसे उमटल्यासारखे दिसतायत.

पाणक्या | २६ जानेवारी, दुपारी १:३०

टॅनिनचा डाग क्लोरीनने जातो, फक्त धीर धरायला हवा. अ‍ॅसिड ओतू नका, टाइल्सच्या फटी खाईल. पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन नेमाने, दोन दिवसांआड ब्रश. गोळ्या टीसीसीएच्या (क्लोरीनच्या सावकाश विरघळणाऱ्या) वापरत असाल तर सायन्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हात टिकवणारं रसायन, मोजा, गोळीतून १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक जातं आणि ते उडून जात नाही, साठत राहतं. ते फार वाढलं की क्लोरीन असूनही नसल्यासारखं. वाढलेलं असेल तर थोडं पाणी काढून नवीन भरा आणि काही दिवस लिक्विड हायपो (पातळ क्लोरीन) वापरा. जास्तीचं क्लोरीन टाकाल त्या दिवशी रोबो बाहेर, रबर खराब होतं. एरवीही सायकल संपली की बाहेर काढून सावलीत ठेवायचा, आणि वायरने ओढून नाही, काठापर्यंत आणला की हँडलला धरून.

सुरूच्या_सावलीत | ९ फेब्रुवारी, रात्री ८:२०

दोन आठवडे मुद्दाम थांबले, खात्री करूनच लिहायचं होतं. पंप १२ ते ६ केल्यापासून स्किमरची टोपली रोज गच्च निघते, काका म्हणतात एवढी पानं इतके दिवस तळाला जात होती का. बुडालेली मोठी पानं आता दिवसाला आठ-दहा, ती ते पिशवीच्या जाळीने सकाळी काढतात. रोबो एक दिवसाआड दोन तास, जाड जाळी, आणि रविवारी बारीक. प्रत्येक वेळी उलटा करून झडपा बोटाने हलवून बघतात, पंखा महिन्याला उघडायचा ठरलाय. मोटर बदललेली नाही, एक रुपयाचाही पार्ट आणला नाही, फक्त पानं काढायची पिशवीची जाळी नवीन घेतली. डाग निम्मे फिकट झालेत. बाबा आता ४० मिनिटं चालतात, काल म्हणाले तळाच्या टाइल्स मोजता येतायत.

एकच राहिलंय, पायऱ्यांच्या कोपऱ्यात काड्या साठतात, तिथे रोबो जातच नाही.

पाणक्या | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

जाणार नाही, पायरीची रुंदी त्याला पुरत नाही. सोडायच्या आधी पायऱ्या ब्रशने वरून खाली झाडून घ्या, कचरा तळाला आला की तो उचलेल. बाबा पायऱ्यांवरूनच उतरत असतील, म्हणून ते रोज करा.

विद्युल्लता | ९ फेब्रुवारी, रात्री ९:००

फार बरं वाटलं वाचून. आरसीसीबीचं झालं का?

सुरूच्या_सावलीत | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नव्हता ताई, त्या लाइनवर काहीच नव्हतं. गेल्या मंगळवारी ३० मिलिअँपिअरचा बसवून घेतला. टेस्टचं बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबायचं, काकांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर डिसेंबरपर्यंत लाल खुणा करून ठेवल्यात.